अजून किती दिवस?

नोव्हेंबर संपत आला की कोलशेतमधल्या ज्या ख्रिस्ती घरात लहान मुलं आहेत, तिथे एकच प्रश्न सकाळ-संध्याकाळ विचारला जातो : नाताळला अजून किती दिवस? दात घासताना विचारतात, शाळेच्या बससाठी गेटपाशी उभं राहिल्यावर विचारतात, रात्रीची रोझरी संपून क्रूसाची खूण करून होते न होते तोच पुन्हा विचारतात. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवते. पण चार वर्षांच्या पोराला ‘एकवीस दिवस’ म्हणजे नेमके किती, हे कसं कळावं? आकडा त्याच्या हाती लागत नाही. त्याला काहीतरी उगवताना, फुगताना, सुकताना दिसावं लागतं.

नवल असं की हे घर त्याला डिसेंबरभर नेमकं तेच दाखवतं. ताटलीतली नाचणी, पातेल्यातलं पीठ, कढईतला पाक, खिडकीतला सूर्य : प्रत्येकाची गती वेगळी आणि घाई कुणालाच चालत नाही. या प्रत्येक वाट पाहण्यामागे निसर्गाचं एकेक भक्कम कारण आहे. ते कारण समजलं की स्वयंपाकघरातल्या साध्या गोष्टीही थक्क करून सोडतात.

एका प्रश्नातून घडलेलं चाक

हा प्रश्न एकट्या कोलशेतचा नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखेर्न नावाचे लुथेरन पाद्री निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था चालवत. तिथली मुलंही रोज हेच विचारत. १८३९ साली विखेर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर २० लहान लाल मेणबत्त्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल, रविवारी पांढरी. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, म्हणून हिशेब चोख जमला : चार रविवार आणि वीस इतर दिवस, मिळून २४ डिसेंबरची संध्याकाळ. मुलांना आता विचारायची गरज उरली नाही. किती पेटल्या आणि किती राहिल्या, ते डोळ्यांनी मोजता येऊ लागलं.

त्या चाकाचं आजचं रूप म्हणजे देवळात आणि घरच्या आल्तारावर दिसणारं हिरव्या डहाळ्यांचं कडं. त्यात आता चारच मेणबत्त्या असतात. कॅथलिक घरांत त्यांपैकी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी पेटते तिसऱ्या रविवारी, अर्ध्याहून अधिक वाट सरली या आनंदात. ती लावायचा मान बहुतेक घरांत शेंडेफळाला मिळतो.

या काळाला आगमनकाळ म्हणतात आणि त्याची लांबी दरवर्षी सारखी नसते. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही येतो. त्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८ दिवसांचा. नाताळ सोमवारी आला तर सगळ्यात आखूड, रविवारी आला तर सगळ्यात लांब. ‘गेल्या वर्षी एवढा वेळ नव्हता लागला’ अशी तक्रार एखाद्या मुलीनं केली तर तिचं म्हणणं अगदी खरं असू शकतं.

डोंगर आणि खाडी यांच्या मधलं घर

कोलशेतच्या एका अंगाला येऊरची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी, आणि खाडीपलीकडे काल्हेर. मधल्या पट्ट्यात जुनं गावठाण आहे, आणि जिथे कारखाने होते त्या जागांवर आता बहुमजली संकुलं उभी आहेत. त्यांच्या एकाच लिफ्टमध्ये नाताळच्या कितीतरी परंपरा खालीवर करत असतात : ठाणे-साष्टीतली ईस्ट इंडियन कुटुंबं, वसईचे सामवेदी, गोव्याचे आणि मंगळूरचे कोंकणी बोलणारे, केरळचे, अहिल्यानगर-जालन्याकडून आलेले मराठी प्रोटेस्टंट.

ठाण्याला ख्रिस्ती घर नवं नाही, आणि ते पोर्तुगिजांबरोबर आलं असंही नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी समुद्रमार्गे ठाण्यात पोहोचले, तेव्हा ते उतरले ते इथल्याच एका सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे. त्याच वर्षी ते चौघे ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी संन्यासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला आणि त्यानं ही हकिगत लिहून ठेवली. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही या खाडीच्या परिसरात कुणाच्या तरी घरी ख्रिस्तजन्माची वाट पाहिली जात होती. १५३४ च्या तहानं वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकलं, १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीज गेले, पण कुटुंबं इथेच राहिली, आपल्या शेतांवर आणि आपल्या मराठी बोलीत. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आज कोलशेतच्या एखाद्या बाराव्या मजल्यावर जी नाचणी भिजते, तिच्यामागे एवढा लांबलचक काळ उभा आहे.

ताटलीतलं कुरण

ख्रिस्तजन्माचा देखावा मांडायची प्रथा आठशे वर्षांची. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसनं खरी गव्हाणी, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून बेथलेहेमचा गोठा उभा केला. घरोघरच्या गोठ्यात बैल आणि गाढव मातीचे किंवा प्लास्टरचे झाले, पण गवत मात्र आपल्याकडे अजूनही खरंखुरं उगवतं. ते असतं नाचणीचं.

नाताळच्या आठ-दहा दिवस आधी मूठभर नाचणी रात्रभर पाण्यात भिजते. सकाळी पसरट ताटलीत मातीचा पातळ थर देतात, त्यावर दाणे दाट पसरतात, वरून ओलं फडकं घालतात. पुढचं काम मुलांचं : दिवसातून दोनदा बोटांनी पाणी शिंपडायचं आणि फडकं उचलून बघायचं. ‘दोनदाच’ असं आई कितीही बजावून सांगो, फडकं वीस वेळा उचललं जातं.

त्या दाण्याकडे जरा जवळून पाहू. आकार जेमतेम दीड मिलिमीटर, रंग विटकरी. कोरडा असताना तो मेल्यासारखा वाटतो, पण आत एक अंकुर झोपलेला असतो आणि त्याच्या उशापायथ्याशी पिष्टाची शिदोरी. पाणी आत शिरलं की अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. पिष्टाभोवतीच्या पेशींच्या पातळ थरापर्यंत हा निरोप पोहोचला की त्या पेशी अमायलेज नावाचं विकर तयार करतात. ते विकर पिष्टाचे तुकडे करून त्यांची साखर करतं. त्या साखरेवर पहिलं मूळ खाली जातं आणि पहिला कोंब वर येतो. मातीतून काही घेण्याआधी, प्रकाशातून काही मिळवण्याआधी, रोपाचे पहिले दिवस आईच्या शिदोरीवर जातात.

हीच क्रिया याच घरात एरवीही रोज उपयोगी पडते. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला नाचणी सत्त्व देतात, ते मोड आलेल्या नाचणीचं. मोड येताना पिष्ट फुटलेलं असतं, म्हणून खीर घट्ट गोळा होत नाही आणि बाळाला पचायला सोपी जाते. थोरली ज्या ताटलीवर पाणी शिंपडतेय आणि धाकटा ज्या वाटीतून खातोय, त्या दोन्हींत एकाच विकराचं काम चालू असतं.

तिसऱ्या दिवशी फडकं काढलं की फिकट कोंब दिसतात आणि उजेड लागताच काही तासांत ते हिरवे होऊ लागतात. चौथ्या दिवशी मुलांची हाक येते : सगळं गवत खिडकीकडे वाकलंय! १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी हेच वाकणं तपासलं होतं. त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर अपारदर्शक टोप्या चढवल्या, तर कोंब वाकेनात. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर वाकले. म्हणजे उजेड ओळखतं ते टोक, आणि वाकतो तो खालचा भाग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, हे त्यांनी ताडलं. तो निरोप नेणारं संप्रेरक, ऑक्सिन, १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून हाती लागलं. ऑक्सिन सावलीच्या बाजूला जमतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. सात वर्षांची मुलगी चॉकलेटच्या चांदीच्या चिटुकल्या टोप्या करून डार्विनचा प्रयोग घरच्या ताटलीत पुन्हा करू शकते. तिला यश आलं तर एक-दोन कोंब ताठ उभे राहतील आणि बाकीचं रान खाडीकडे वाकलेलं असेल.

नाचणीच का, गहू का नाही? गव्हाचं पातं रुंद आणि उंच. नाचणीचं पातं बारीक, दाट आणि बुटकं. दोन बोटं उंचीच्या मेंढपाळापुढे ते खऱ्या कुरणासारखं दिसतं. पेरणीचा दिवस मात्र अचूक लागतो. लवकर पेरली तर गवत माजतं आणि मेंढ्या त्यात दिसेनाशा होतात. उशीर झाला तर नाताळच्या रात्री येशूबाळाभोवती नुसती माती. थंडी जास्त असेल तर उगवण मंदावते, म्हणून जुन्या बायका आधी हवा बघतात आणि मग नाचणी भिजत घालतात. हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरचं. हजारो वर्षांपूर्वी ते भारतात आलं, कोकणच्या वरकस जमिनीत रुजलं, आणि बेथलेहेमची टेकडी झालं.

फुगणारं, वळणारं, गोठणारं

स्वयंपाकघरातली वाट वेगळी. ईस्ट इंडियन घरांत सणासुदीला फुगे होतात. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध यांचं सैलसर, चिकट पीठ आंबवायचं, मग मूठभर पीठ हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबत गरम तेलात सोडायचं. गोल, हलका, आतून पोकळ फुगा वर येतो. पूर्वी पीठ आंबवायला ताडी वापरत. ताडाच्या किंवा माडाच्या रसात हवेतलं यीस्ट आपणहून वाढतं. आता यीस्टची पुडी मिळते, पण जीव तोच. तो साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. मैद्यातल्या ग्लुटेनच्या चिवट जाळ्यात तो वायू अडकतो आणि पीठ वर येतं.

या जीवाला थंडी कळते. तापमान साधारण १० अंशांनी उतरलं की त्याचा वेग निम्म्यावर येतो. मे महिन्यात जे पीठ दोन तासांत पातेल्याच्या काठाला लागतं, त्याला डिसेंबरच्या गार पहाटे चार तास लागतात. आजी पातेलं चादरीत गुंडाळून ठेवते, ते याचसाठी. झाकण उघडून पिठाला बोट लावायची परवानगी मुलांना एकदाच. खड्डा सावकाश भरून आला तर पीठ तयार, लगेच भरला तर अजून थांबायचं.

कुलकुलं वळायची संध्याकाळ ही मुलांची सर्वांत आवडती. यात यीस्ट नसतं. मैदा, अंडं, साखर आणि नारळाचं घट्ट दूध. दुधातला स्निग्ध अंश मैद्याच्या कणांवर बसतो, ग्लुटेनची जाळी लांब होऊ देत नाही, म्हणून कुलकुल खुसखुशीत होतं. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर ठेवायची, अंगठ्यानं दाबत पसरायची आणि टोकापासून गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी रेघांची गुंडाळी तयार होते. मोठ्यांचा अंगठा इथे आडवा येतो, लहानाचा बरोबर बसतो. त्या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. त्यांनी पृष्ठभाग वाढतो, तेलाची आच सगळीकडून सारखी लागते, आणि पुढे पाक धरायला खोबण्या मिळतात.

पाकाची गंमत आणखी वेगळी. एक लिटर पाण्यात साध्या तापमानाला सुमारे २ किलो साखर विरघळते. तेच पाणी उकळत असेल तर जवळपास ५ किलो. पाक आटवून गरम असताना त्यात कुलकुलं टाकली आणि ढवळत राहिलं की थंड होणाऱ्या पाण्याला एवढी साखर पेलवत नाही. ती बाहेर पडते आणि प्रत्येक खोबणीत बारीक पांढरे स्फटिक धरते. ढवळणं थांबवलं तर खडे मोठे होतात आणि कुलकुलं एकमेकांना चिकटतात. म्हणून परातीभोवती बसलेल्या सगळ्यांच्या हातांत पाळीपाळीनं उलथनं फिरतं. काही मिनिटं काहीच होत नाही. मग बघता बघता चकाकणारी ओली परात पांढरी, कोरडी आणि खडखडीत होते. तो क्षण कधी येणार, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही, आणि तो हुकवायला एकही मूल तयार नसतं.

शेजारच्या शेगडीवर पेराड, म्हणजे पेरूची वडी, आटत असते. पेरू मूळचा अमेरिका खंडातला आणि हिवाळा हा त्याचा आपल्याकडचा बहर. त्याच्या गरात पेक्टिन भरपूर. साखर पाणी ओढून घेते, लिंबाचा आंबटपणा पेक्टिनच्या साखळ्यांना जवळ आणतो आणि त्यांची जाळी बनते. जिलेटिन नाही, पीठ नाही, तरी थंड झाल्यावर सुरीनं वड्या पडतात. पाणी साखरेनं धरून ठेवल्यामुळे बुरशीला प्यायला काही उरत नाही, म्हणून पेराड जानेवारीतही टिकतं.

खिडकीतला सूर्य आणि दारातली चांदणी

डिसेंबर लागताच बाल्कनीत कागदी चांदणी लागते. आकाशकंदिलाच्या शेजारी ती परकी वाटत नाही, कारण दिवाळीचा कंदील बऱ्याचदा अजून खाली उतरलेलाच नसतो. पुष्कळ टोकांची ही चांदणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळेत भूमिती शिकवताना जन्माला आली. तिचा पुठ्ठा कापणारं मूल आजही भूमितीच करत असतं.

ती चांदणी किती वाजता लावायची, यावर घरात वाद होतो, आणि त्यात एक सुंदर कोडं दडलेलं आहे. ठाण्यात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, सुमारे ११ तासांचा. मग सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळायला हवा आणि सर्वांत उशिरा उगवायला हवा. तसं होत नाही. सर्वांत लवकर सूर्यास्त होतो नोव्हेंबरच्या अखेरीला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो जानेवारीच्या मध्याला, सकाळी सव्वासातच्या आसपास. म्हणून नाताळची सुट्टी संपवून शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळ डिसेंबरपेक्षा जास्त काळोखी वाटते, आणि ती असतेच.

कारण आकाशात आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून या दिवसांत ती कक्षेत सर्वांत वेगानं पुढे सरकते. त्यातच तिचा अक्ष कललेला. या दोन्हींमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा वेळ २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त भरतो. घड्याळ ते मोजत नाही, त्यामुळे उगवणं आणि मावळणं दोन्ही रोज थोडं पुढे ढकललं जातं. नाताळ येईस्तोवर संध्याकाळ काही मिनिटांनी लांबलेली असते. २५ डिसेंबरला येशूजन्म साजरा झाल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ ची. सूर्य परतीला लागतो त्याच आठवड्यात हा सण यावा, हे या घरातल्या मुलांना पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन दाखवता येतं.

बेथलेहेमचा तारा कोणता, यावरही मुलं प्रश्न विचारतात. योहानेस केप्लरनं १६०३ च्या डिसेंबरात गुरू आणि शनी जवळ आलेले पाहिले आणि मागे गणित करत गेला. इ. स. पूर्व ७ मध्ये हे दोन ग्रह एकाच वर्षात तीनदा जवळ आले होते, असं त्याला आढळलं. तेच दोन ग्रह २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी पश्चिमेला इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना जवळपास एकच वाटावेत. शुभवर्तमानातला तारा तोच होता असं सिद्ध झालेलं नाही. पण गच्चीत उभं राहून ‘तो एक की दोन’ असं भांडणाऱ्या त्या वर्षीच्या मुलांनी केप्लरचाच प्रश्न आपल्या डोळ्यांनी पाहिला.

रात्रीचं कानही टिपतात. येऊरचा उतार आणि खाडीकाठ सूर्यास्तानंतर भराभर गार होतो आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. ध्वनी गरम हवेत जास्त वेगानं धावतो, म्हणून वर गेलेल्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात. एरवी न ऐकू येणारी दूरची घंटा, पलीकडच्या काठावरचं गाणं, असं डिसेंबरच्या रात्री घरात येऊन पोहोचतं. आईच्या खांद्यावर पेंगणारं मूल मिस्सेला निघताना ते ऐकतं.

पहिलं ताट कुणाचं

इतके दिवस थांबून केलेल्या फराळाचं काय होतं? नाताळच्या सकाळी मुलांच्या ताटात तो पडायच्या आधी त्याची ताटं भरली जातात. कुलकुलं, नेवऱ्या, पेराड, रव्या-खोबऱ्याचं बाथ. वर क्रोशाचा रुमाल. आणि ती पोहोचवायला मुलांनाच धाडतात : समोरच्या काकूंकडे, खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे, वॉचमन मामांकडे. गेल्या पंधरवड्यात ज्या हातांनी दाण्यांवर पाणी शिंपडलं, गोळ्या वळल्या, उलथनं फिरवलं, त्याच हातांना सर्वांत आधी द्यायला शिकवलं जातं. मला या महिन्यातला सर्वांत मोठा धडा हाच वाटतो. थांबायला शिकलेलं मूलच द्यायला शिकू शकतं, कारण ताटातली गोष्ट लगेच आपल्या तोंडात गेली नाही तरी काही बिघडत नाही, हे त्यानं महिनाभर अनुभवलेलं असतं.

६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी नाताळचा काळ संपतो. गोठा आवरला जातो आणि ताटलीतलं पिवळं पडू लागलेलं गवत कुंडीत जातं. आठवडाभरात समोरच्या काकूंकडून ताट परत येतं आणि ते रिकामं कधीच नसतं. संक्रांतीचे तिळगूळ असतात, सोबत घरी केलेला हलवा असतो. काकू तो पहाटेच्या थंडीत मंद आचेवरच्या परातीत करतात. तिळावर पाकाचा एकेक थेंब टाकत बोटांनी हलवत राहायचं, काही दिवसांत काटा फुलतो. पाकातून साखर सावकाश बाहेर येते आणि स्फटिक धरते, हे तेच रसायन जे कुलकुलाच्या खोबणीत होतं. थंडी तीच, घाई केली तर बिघडणार तेही तसंच. दोन घरांचे देव वेगळे, सण वेगळे, प्रार्थनेचे शब्द वेगळे. पण आपल्या मुलांना थांबायला शिकवताना दोघींनी साखरेचा एकच नियम हाताशी धरला आहे, आणि तो दोन्ही परातींत सारखाच खरा ठरतो.